पिपाच्या भट्टीतली अकरा अंडी

संपादकांचं पत्र आलं. तुम्ही इतकी वर्षं सरकारी बंगल्यांवर खानसामा होता, मोठमोठ्या लोकांना रांधून घातलं, तर आमच्या दिवाळी अंकाला चार आठवणी लिहून द्या. जमलं तर तुमची ती संत्रं घालून भाजलेली सबंध कोंबडीही सांगा, बायका करून पाहतील. आणि साहेबलोकांनी दिलेली सर्टिफिकिटं असतील तर एखादं पाठवा, फोटो छापू.

मी सुनेला म्हटलं, "यायले खानसामा नाई पायजे व, खमंग कायतरी पायजे." पत्र पंधरा दिवस खिडकीत पडून राहिलं.

सर्टिफिकीट आहे. ट्रंकेत तळाशी ठेवलेलं आहे. कोंबडीही येते, हात अजून विसरले नाहीत. पण ते सर्टिफिकीट आणि ती कोंबडी एकाच आठवड्यातली, आणि त्या आठवड्याची आठवण निघाली की मला आजही लाज वाटते. लग्नाकार्यात कोणी म्हणतं, "मामा, तुमच्या हातच्या कोंबडीची गोष्टच न्यारी," की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जातो. तेव्हा लिहायचं तर सगळंच लिहितो. अंकात नाही बसलं तर परत पाठवा, राग नाही.

माझी पहिली कायम नोकरी कारंज्याजवळच्या बंगल्यावर. नागपूर-अमरावती सडकेला लागून दोन खोल्या, मधे दिवाणखाना, आणि मागे पन्नास पावलांवर स्वयंपाकघर. फोडणीचा वास आत जाऊ नये म्हणून इंग्रजांनी ते लांब बांधलेलं. इंग्रज गेले, वास आवडणारे साहेब आले, तरी ताट घेऊन ती पन्नास पावलं मीच चालायचो. तेव्हा नागपूर राजधानी होतं, त्यामुळे सडकेवर साहेबांची ये-जा फार. निरोप यायचा, 'बारा वाजता चार माणसं, रोस्ट.' निरोप यायचा दहाला, आणि तेव्हा ती कोंबडी कोणाच्या तरी अंगणात दाणे टिपत असायची.

गिऱ्हाईकंही एकेक. एक शुद्ध शाकाहारी पाहुणे यायचे. दिवाणखान्यात चारचौघांत वरण-भात जेवायचे आणि खोलीत गेल्यावर हळूच म्हणायचे, "नामदेवराव, ते आलूचं आणा." आलूचं म्हणजे वर चार आलू आणि खाली कोंबडी. एकदा घाईत मी आलू टाकायचे विसरलो तर असे भडकले! "हे काय आणलं? मी असलं खातो का?" मी ताट परत नेलं, चार आलू टाकले, परत आणलं. मुकाट्यानं जेवले. असे पुष्कळ सांगता येतील आणि तुम्हाला हसूही येईल, पण मला फुलाबाईचं सांगायचं आहे.

त्याआधी भट्टी सांगतो, कारण भट्टी कळल्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही.

हे काम मला इब्राहिमचाचांनी शिकवलं. चाचा इंग्रजांच्या वेळचे खानसामे, म्हातारपणी डोळे गेले म्हणून घरी बसले. सडकेच्या कामावरचं डांबराचं रिकामं पीप आणून त्यांनी ते आडवं केलं, बाहेरून माती आणि भाताच्या तणसाचा वीतभर जाड लेप दिला, तोंडाला लोखंडी पत्र्याचं झाकण बसवलं. खाली निखारे, वर निखारे, मधे जाळी. ही आमची भट्टी. तिला काटा नाही, आकडा नाही. चाचा म्हणायचे, "घडी साहब के पास रहने दे. तेरी घडी ये है," आणि माझा तळहात उलटा करून दाखवायचे. हात आत घालायचा आणि मोजायचं. सहा म्हणेपर्यंत हात टिकला तर कोंबडी ठेवायची. दहापर्यंत टिकला तर पाव. चारालाच ओढून घ्यावा लागला तर निखारे उपसायचे आणि बिडी ओढत बसायचं. "हाथ डाले बिना कुछ मत डाल," हे चाचांचं एकच कलम. मी ते शिकलो आणि दोन-चार वर्षांत मला गर्व झाला. भट्टीला बायकोलासुद्धा हात लावू द्यायचो नाही.

आता कोंबडी. आपल्याकडे कोंबडी सोलतात, म्हणजे पिसांबरोबर कातडंही जातं. रोस्टला ते चालत नाही. कढत पाण्यात बुडवून पिसं उपटायची, कातडं शाबूत ठेवायचं, कारण सगळी मजा त्या कातड्याची. मीठ आणि जंभेरीचा रस आतून-बाहेरून चोळायचा. जंभेरी म्हणजे ज्याच्यावर संत्र्याचं कलम बांधतात ते झाड. कधी वरचं संत्रं मरतं आणि खालची जंभेरीच फोफावते. बागवाले तिला शिव्या देतात, आम्ही तिची फळं मागून आणायचो. मग लसूण ठेचून लोण्यात कालवायचा आणि छातीच्या कातड्याखाली बोटानं सारायचा, कातडं न फाडता. पोटात एक संत्रं अर्धं करून आणि लसणाचा एक अख्खा गड्डा. पाय सुती दोऱ्यानं बांधायचे. खाली गाजर, आलू, कांदे, असला तर सलगम आणि मुळा, सगळं जाडं चिरून त्याचं अंथरूण करायचं आणि त्यावर कोंबडी पालथी निजवायची. रस गळतो तो त्या कंदांत मुरतो. अर्ध्या वेळानं उताणी करायची, गळलेला रस पळीनं पुन्हा पुन्हा अंगावर घालायचा, शेवटी वरचे निखारे वाढवायचे. बायकांनो, एवढंच आहे. गॅसच्या पेटीत याहून सोपं होईल.

त्या साली दिवाळीच्या सुमारास मानमोडी आली होती. कोंबड्यांचा रोग तो, मान वाकडी होते आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं. आमच्या आसपास कोंबडी औषधालाही उरली नव्हती. आणि पौषात, ऐन कापसाच्या वेचणीत, एका दुपारी निरोप आला की सडकेच्या खात्याचे साहेब बाईसाहेबांना घेऊन येत आहेत, संध्याकाळी रोस्ट पाहिजे. हे साहेब मागे एकदा येऊन गेले होते. जाताना म्हणाले होते, "नागपूरच्या मोठ्या बंगल्यावर आदमी पाहिजे आहे. बघू." त्या 'बघू'वर मी महिनाभर जगत होतो. नागपूर म्हणजे पगार जास्त, विजेचे दिवे, हाताखाली दोन माणसं. कौसल्येला, माझ्या बायकोला, मी नळाचं पाणीसुद्धा कबूल करून टाकलं होतं.

झिंगरू कोतवाल कोंबडीच्या शोधात गेला. गावात साहेब आला की कोंबडी शोधायचं काम कोतवालाचं, ही जुनी रीत. तीन वाजता तो काखेत एक लाल कोंबडी मारून आला.

"टोलीवरच्या फुलाबाईची हाय," तो म्हणाला. "बाई वेचणीले गेलती. शेजारणीपाशी पैसे देऊन आलो. कमी नाई देल्ले, उगाच बोंब नको."

पैशांचा सवाल नव्हताच. मी कोंबडी हातात घेतली तर ती अंग फुगवून गुरगुरायला लागली, खुडूक खुडूक करायला लागली. मी तिला उलटी केली. पोटाला पिसं नव्हती. उघडं, लाल, सुरकुतलेलं कातडं, आणि ताप भरलेल्या पोराच्या कपाळासारखं गरम. कोंबडी अंड्यांवर बसली की पोटाची पिसं झडतात, म्हणजे तिची ऊब सरळ अंड्यांना लागते. हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तर कोंबड्यांवर पोट भरणारा माणूस.

"काय पाहून राह्यला?" झिंगरू म्हणाला.

"खुडूक हाय बे हे. अंड्यावरून उचलून आणली तू."

"मंग? साहेबाले काय अंडे उबवाचे हायेत का?"

तो हसला, आणि मीही हसलो. टोली म्हणजे गोंडांची वस्ती, तिथून अर्ध्या कोसावर. तेवढ्यात कोंबडी परत देऊन आलो असतो तरी साहेबांच्या यायला वेळ होता. साहेबांना सांगता आलं असतं, रोगानं कोंबड्या मेल्या, आज अंडाकरी घ्या. फार तर तोंड वाकडं केलं असतं. पण माझ्या डोक्यात नागपूर होतं. मी पाणी कढत ठेवलं.

खुडूक कोंबडी रोस्टला अगदी वाईट. बसून बसून तिनं खाणं सोडलेलं असतं, अंगावर चरबी नसते, मांस दोरीसारखं होतं. म्हणून मी माझी सगळी विद्या पणाला लावली. आधी झाकून वाफेवर मऊ केली, लोणी दुप्पट घातलं, संत्र्याचा रस दर घटकेला अंगावर सोडला. आणि पोटावरचा तो लाल डाग? पिसं उपटल्यावरही तो वेगळा ओळखू यायचा. त्यावर मी संत्र्याच्या गोल चकत्या मांडल्या, एकीवर एक, डाग पुरता झाकेपर्यंत.

दिवेलागणीला, कोंबडी भट्टीत असताना, फुलाबाई आली. पन्नाशीची गोंड बाई, काटक, वेचणीच्या कापसाचे धागे अजून केसांना चिकटलेले. तिनं एक टोपली पोटाशी धरून वर पदर घट्ट गुंडाळला होता. घरी गोंडी बोलायची, आमच्याशी आमच्या बोलीत.

"खानसामा, माई कोंबडी दे भाऊ. पैसे घे वापस. अंडे थंडे होऊन राह्यले."

भट्टीतून लसणाचा आणि संत्र्याचा वास येत होता. तिनं भट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गेली का?"

"गेली माय. मले काय मालूम अंड्यावरची हाय म्हून? झिंगरूनं आणली, म्या कापली."

हे पहिलं खोटं.

ती खाली बसली. बंगल्यातून बाईसाहेबांच्या हसण्याचा आवाज येत होता. मग तिनं सांगितलं. मानमोडीत तिच्या अठरा कोंबड्या गेल्या, ही एकच वाचली. तिच्याखाली अकरा अंडी मांडली, आज सोळावा दिवस. वैशाखात पोराचं लगन. लगनात देवांना कोंबडे लागतात आणि ते घरचे लागतात, विकतचे तिच्या घरी चालत नाहीत. पौषात पिल्लं निघाली तर वैशाखापर्यंत तयार. नाही तर लगन पुढच्या सालावर, आणि पोरीचा बाप पुढचं साल थांबणार नाही म्हणतो.

"एकवीसले पाच दिवस रायले होते," ती म्हणाली. मग तिनं पदर सोडला आणि टोपली माझ्या पायांशी ठेवली. "कोंबडी तुह्या भट्टीत हाय. आता हे बी तूच बसव."

कौसल्या दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे झाली आणि माझ्याआधी टोपली उचलली. "बसवते माय. हे बसवतीन. यायले भट्टीचं लय समजते."

त्या संध्याकाळी कोंबडी गाजली. बाईसाहेब म्हणाल्या, "ये ऑरेंज की सजावट कितनी सुंदर है!" साहेबांनी स्वतःच्या हातानं चकत्या बाजूला सारल्या आणि सुरी चालवली. मी हात बांधून भिंतीशी उभा होतो. साहेब म्हणाले, उद्या पुढे अमरावतीला जातो, येताना बघतो तुझं नागपूरचं.

पुढचे चार दिवस मी कोंबडी झालो. हसू नका. भट्टीत नावाला दोन निखारे राखेखाली पुरायचे, शेजारी पाण्याची वाटी ठेवायची, टोपलीत कापूस घालून अंडी मांडायची. रोस्टचा हात सहापर्यंत मोजायचा. इथं मोजणंच नव्हतं. हात आत ठेवला आणि काखेत ठेवल्यासारखा वाटला, ना गरम ना गार, की बरोबर. अंड्यांवर एका बाजूला काजळीचं बोट लावलं होतं. दिवसातून तीनदा ती उलटायची, कोंबडी चोचीनं उलटते तशी. रात्री आम्ही नवराबायको पाळीपाळीनं उठायचो.

फुलाबाई रोज सकाळी वेचणीला जाताना यायची. अंडी उन्हाच्या कवडशात धरून पाहायची. दुसऱ्या दिवशी दोन बाजूला काढली, तिसऱ्या दिवशी एक. "हे गेले," म्हणायची, एवढंच. आठ उरली. हळूहळू ती बोलायला लागली. "जास्त उलटू नको आता, पिल्लाचं तोंड जागेवर येऊन राह्यलं." एकदा मला भट्टीत डोकं घालून बसलेला पाहिलं आणि कौसल्येला म्हणाली, "पाय व, तुह्या नवऱ्याले आता दाणे टाकत जाजो." दोघी अशा हसल्या! मीही हसलो, आणि मला वाटलं, सुटलो. आठ पिल्लं निघाली की माझं फिटलं. झिंगरूसोबत हसलो होतो तेही फिटलं. माणूस किती लवकर स्वतःला माफ करतो!

विसाव्या दिवशी सकाळी अंड्यांतून आवाज आला. कान लावला तर आत टिक टिक, आणि मग बारीक चिवचिव. एका अंड्याला तीळभर तडाही गेला होता. कौसल्या नाचायचीच बाकी राहिली. फुलाबाईनं एकेक अंडं कानाला लावलं, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. "सांजेले येतो. नवी टोपली आणतो. तवरक जप गा."

अकरा वाजता जीप आली. साहेब परतीच्या वाटेवर होते, सोबत त्यांचेही वरिष्ठ, मोठे साहेब. "दोन बजे. वही रोस्ट. साहब को मैंने बोला है, ऐसा रोस्ट नागपूर में नहीं मिलता." कोंबडी त्यांनी स्वतःच अमरावतीहून आणली होती, चांगली चरबीची. या वेळी कोणाच्या घरावर दरोडा नव्हता. पण भट्टी एकच.

मी टोपली काढली, कापसात पुरून चुलीच्या उबेला ठेवली, कौसल्येला राखणीला बसवलं. कोंबडी स्वतः दिवसातून एकदा उठते, दाणापाणी करून येते, तेवढ्यानं अंडी मरत नाहीत. तिथपर्यंत सगळं बरोबर होतं. भट्टी पेटवली, सहापर्यंत मोजलं, कोंबडी आत गेली. पावणेदोनला बाहेर आली ती अशी सोनेरी की माझं मलाच कौतुक वाटलं. या वेळी झाकायचं काहीच नव्हतं, तरी सवयीनं मी पोटावर चकत्या मांडल्या. ताट आत पोचवलं, परत येऊन निखारे उपसले, झाकण उघडं टाकलं. आता घटका-दोन घटका भट्टी निवू द्यायची, आणि मग टोपली.

कौसल्या म्हणाली, "अवो, आवाज कमी होऊन राह्यला. गार तर नाई ना पडले?"

तेवढ्यात आतून चपराशी आला. "खानसामा, साहेब बोलावून राह्यले."

"आलो म्हून सांग."

दोन मिनिटांनी पुन्हा. "बे नामदेव, मोठे साहेब स्वता बोलावून राह्यले. बुक मांगतलं त्यायनं, लिवाले."

बुक म्हणजे बंगल्याची वही, तिच्यात साहेबलोक शेरा लिहितात. आणि शेरा लिहायला स्वतः मोठे साहेब! मी टोपली उचलली, भट्टीत सारली आणि झाकण लावलं.

"हात घालून पाह्यला का?" कौसल्या म्हणाली.

"पाह्यला."

हे दुसरं खोटं. मी पगडी नीट करत होतो. तिनं स्वतः पाहिलं नाही, कारण भट्टीला हात लावायचा नाही हा माझाच हुकूम होता.

दिवाणखान्यात मला अर्धा तास उभं केलं. कुठं शिकलास, कोण उस्ताद, संत्रं आत का घालतोस. मी ऐटीत सांगत होतो. तळहात उलटा करून दाखवलासुद्धा, "साहब, मेरी घडी ये है." दोघं खूश होऊन हसले. मोठ्या साहेबांनी वहीत शेरा लिहिला, मग वेगळ्या कोऱ्या कागदावर सर्टिफिकीट लिहून सही केली. एक तारखेपासून नागपूर.

ती पन्नास पावलं मी धावतच आलो. कौसल्येला सांगायला तोंड उघडलं तर ती दाराशी उभी होती, पदर नाकाला लावून. मग मलाही वास आला. उकडलेल्या अंड्यांचा. तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो अंडी उकडली, पण तो वास मी आजही वेगळा ओळखीन.

झाकण मी उघडलं. आठही तशीच होती, काजळीचे ठिपके वर. तडा गेलेल्यातून चोचीचं टोक बाहेर आलं होतं. तेवढंच.

फुलाबाई सांजेला आली. नवी विणलेली टोपली, आत मऊ तणस, आणि वर टाकायला जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा. तिनं आमची तोंडं पाहिली. बसली आणि एक अंडं कानाला लावलं. खाली ठेवलं. दुसरं लावलं. आठही लावली. मला वाटत होतं तिनं दोन-तीन पाहून थांबावं, पण ती थांबली नाही.

"सकाळी तर बोलत होते," ती म्हणाली.

"भट्टी जरा जास्त झाली माय."

तिनं उठून भट्टीच्या मातीवर हात ठेवला. अजून गरम होती. "हात नोता घातला?"

कौसल्येनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं पाहणं मी आजवर विसरलो नाही.

"एक इचारू भाऊ?" फुलाबाई म्हणाली. "कोंबडी आणली तवा तुले मालूम होतं का, अंड्यावरची हाय म्हून? पोटाले हात लागलाच असन ना. उघडं असते ते. गरम असते."

त्या वेळी हो म्हणायला पाहिजे होतं. आणखी काय जाणार होतं माझं? नागपूर तर खिशात होतं.

"नाई माय," मी म्हणालो. "ध्यानातच नाई आलं."

तिनं नवी टोपली पुढे ओढली.

"कोंबडीचं पोट पाहून तुले समजत नाई. भट्टीत हात घालाचं तुले समजत नाई. मंग तू कायचा खानसामा गा?"

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो, माझा स्वभाव तसा. ती खरंच विचारत होती. मग तिनं आठही अंडी नव्या टोपलीत तणसावर ठेवली, वर लुगड्याचा तुकडा घातला, जिवंत पिल्लं न्यावीत तशी टोपली पोटाशी धरली आणि टोलीच्या वाटेला लागली.

नागपूरला जायच्या आधी मी झिंगरूच्या हातून दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, पाठवल्या, चांगल्या, अंड्यावर यायच्या बेतातल्या. तिनं त्या पायाची दोरीही न सोडता परत पाठवल्या. लगन त्या वैशाखात झालं नाही, एवढं झिंगरूकडून कळलं. पुढचं मी विचारलं नाही. आष्टीला सासुरवाडी, म्हणून सडकेवरून दरसाल येणं-जाणं होतं. टोलीची वाट आली की मी मोटारीत दुसऱ्या बाजूला पाहायचो. कौसल्येनं त्या गोष्टीवरून मला आयुष्यभर एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त कुठल्याही भट्टीत, चुलीत मी काही ठेवलं की ती मागून येऊन स्वतःचा हात घालून पाहायची. ती जाईपर्यंत पाहायची.

फुलाबाईही आता नाही म्हणतात. असती तरी हा अंक तिला वाचता आला नसता. तरी तिच्या सवालाचा जबाब माझ्याकडून राहिला आहे.

संपादकसाहेब, तुम्ही मागितलेलं सर्टिफिकीट सोबत पाठवलं आहे. इंग्रजीत आहे, मास्तरांकडून वाचून घेतलं. त्यात लिहिलं आहे की या माणसाला कोंबडीची पारख आहे. फोटो छापायचा तर छापा. पण त्याच्या खाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, माझ्या सहीनं हेही छापा: फुलाबाई, मले मालूम होतं. पोटाले हात लावला तवाच मालूम होतं.